बाबांची तिरकी फरशी

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी बसून घे, असं पाकिटावरच लिहिणार होते, पण आई म्हणाली पोस्टमन हसेल. तर आता बसून घे. चौकशी आयोगाने आपला अर्ज दाखल करून घेतला! हो, मास्तरांचा, माझ्या नवऱ्याचा अर्ज. बावीस वर्षं ज्या दारावर डोकं आपटलं ते आतून उघडलं, आणि आत एक ठेंगण्याशा वकीलबाई बसल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि चहा घेणार का विचारलं. सरकारी इमारतीत मला कोणी चहा विचारेल असं या जन्मात तरी वाटलं नव्हतं. मी हो म्हणाले आणि तो प्यायचाच विसरले.

तुला वाटेल, टकळी नेहमीसारखी उड्या मारतेय. मारतेच आहे. आज दुकानात एका बाईंना फक्त टोकं कापून हवी होती, त्यांचे केस मी मानेपर्यंत आणून ठेवले. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली, तर त्या रडायला लागल्या आणि म्हणाल्या की बरं झालं, उन्हाळा येतोच आहे.

आता कामाचं. सरकारी कागदात मास्तर अजून फरार आहेत. चौकात लोक निवडणुका मागायला जमले, गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच आठवड्यात तुम्हा दोघांना जेवणाच्या ताटावरून उचलून नेलं. तू परत आलास, ते आले नाहीत, हे आपल्या गल्लीतलं मांजरसुद्धा सांगेल. पण कागद म्हणतो की मास्तर नऊ नोव्हेंबरला सरहद्द ओलांडून पळून गेले. म्हणजे मला आणि पोटातल्या पोरीला टाकून. आपल्या खारूताईच्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा वडिलांच्या नावापुढे तोच शब्द आहे. ती आता एकवीस वर्षांची घोडी झाली, शिक्षिका व्हायचं शिकतेय, पण तो दाखला कुठे दाखवायचा म्हटलं की अजून घडी उलटी घालून नेते.

वकीलबाईंचं म्हणणं सरळ आहे. मास्तर नऊ तारखेनंतर इथेच, सरकारच्या ताब्यात होते, आणि अमुक जागी होते, एवढं दाखवा. ते दाखवलं तर तो शब्द पुसला जाईल आणि ज्यांनी नेलं त्यांच्यावर खटला उभा राहील. नाही दाखवता आलं तर अर्ज निकालात निघेल, आणि पुन्हा करता येणार नाही. सुनावणी मार्चअखेर आहे.

तर दादा, तुला लिहावं लागेल. तू त्या दिवसांबद्दल आजवर अवाक्षर काढलं नाहीस आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. फोनवर तू नुसता हं हं करतोस, आणि मी तुझे हं मोजत बसते. म्हणून पत्र. तुम्हाला कुठे ठेवलं होतं? काहीही चालेल. वास, आवाज, जे आठवेल ते.

आई ठणठणीत आहे. टेबलावर अजून तेच लिंबांच्या चित्रांचं मेणकापड आहे, ज्याचा कोपरा कोणीतरी चौकोनी कापून नेला. तिने अजून तुझ्यावरचा आळ मागे घेतलेला नाही. तेव्हा तू या देशातच नव्हतास असं सांगितलं, तर म्हणते की जाताना नेला असेल.

लोभ आहेच. तो पुढच्या टपालाने आणखी थोडा पाठव.

तुझी,
टकळी


दि. १५ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी कारखान्यात उघडलं. तिथे दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या असतात, आणि त्या दिवशी मी एका आजोबांचा डावा आणि उजवा डोळा बदलून टाकला. तेव्हा केस आखूड कापले याचं तू फार वाईट वाटून घेऊ नकोस. आपलं घराणंच तसं.

आनंद झाला, खूप झाला. इथल्या फळवाल्याला मिठी मारली. तो बिचारा घाबरला.

आता जे लिहायचं ते एका दमात लिहितो. मध्ये थांबलो तर हे पत्र टपालात पडणार नाही. आम्हाला डोळ्यांवर पट्टी बांधून नेलं. गाडीतून उतरवल्यावर जिना खाली जात होता. खाली मोठी ओलसर खोली, माणसं बरीच. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे तळवे फोडले. उभं राहता येईना, म्हणून मी पोटावर पडून असायचो, गाल जमिनीला टेकलेला. पट्टीच्या खालून बोटभर फट होती आणि त्या फटीतून मला फक्त जमीन दिसायची. नक्षीची फरशी होती, करडी आणि विटकरी, चार फरश्या मिळून एक फूल होतं ना, तसली. आणि भिंतीलगत, माझ्या नाकासमोर, एक फरशी पाव वळवून बसवलेली. तिची पाकळी बाहेर तोंड करून होती.

टकळे, मी हसलो. मार खाल्लेला माणूस हसतो म्हटल्यावर शेजारी पडलेल्या मास्तरांना वाटलं, याचं डोकं फिरलं. मी त्यांना कुजबुजत सांगितलं की ही माझ्या बाबांची फरशी आहे. तुला आठवतो ना आपला खेळ? कुठल्याही इमारतीत शिरलं की बाबांची तिरकी फरशी शोधायची, आणि ज्याला आधी सापडेल त्याला बाबा खांद्यावर घ्यायचे. तू लबाड, मी शोधायचो आणि ओरडायचीस तू. काम बाबांनी करायचं आणि पाटीवर नाव ठेकेदाराचं लागायचं, म्हणून ते प्रत्येक जमिनीत एक फरशी मुद्दाम तिरकी बसवायचे. लोक म्हणायचे चुकली, बाबा म्हणायचे असू दे.

हे मी बाबांना कधीच सांगितलं नाही. ज्या जमिनीवर मला मारलं ती त्यांच्या हातची होती, हे कळलं असतं तर त्यांनी थापी कायमची खाली ठेवली असती. सुटल्यावर मी घरी चार दिवस होतो, मग सरहद्दीकडे निघालो. त्या चार दिवसांत त्यांच्या नजरेला नजर द्यायचं मी टाळलं. त्यांना वाटलं असेल, पोरगा रागावलाय. मला मात्र त्या खोलीत ती फरशी दिसली की बाबा शेजारी बसल्यासारखं वाटायचं. हे सांगायचं राहून गेलं, आणि त्याचं मला फार फार वाईट वाटतं.

मास्तरांचं सांगतो. तुझा नवरा तिथेही शाळा भरवायचा. पहाटे वरच्या नळातून धो धो पाणी वाहायला लागलं की हा हळूच वार आणि तारीख सांगायचा, फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात तशी, आणि मग सगळ्यांची हजेरी घ्यायचा. खोकल्याने जीव जायचा त्याचा, पण हजेरी चुकली नाही. त्या फरशीचं ऐकून म्हणाला की चूक एवढी नेमकी केली असेल तर सासरेबुवांना मार्क द्यायला हवेत. मी त्याला गप्प राहा म्हणालो, कारण पहारेकरी येत होता.

एका सकाळी मला एकट्याला उचललं. तारीख मला सांगता येत नाही. ती तोच सांगायचा, म्हणून मी लक्षात ठेवायचे कष्ट घेतले नाहीत. हजेरी चालू होती. माझं नाव आलं तेव्हा मी दारात होतो, तिथून हजर म्हणालो. त्यानंतर त्याचा आवाज ऐकला नाही.

जागा कोणती, हे मला ठाऊक नाही. बाबांनी अर्ध्या शहराच्या जमिनी केल्या आणि एकीचीही नोंद ठेवली नाही. एवढं मी वकिलातीत जाऊन कॅमेऱ्यासमोर सांगेन. तिकडे येणं मात्र जमणार नाही. त्या जमिनीवर पाय ठेवायचा नुसता विचार केला तरी तळवे दुखतात. आग्रह करू नकोस.

आईला मेणकापडाचा गुन्हा मला मान्य नाही असं सांग. खारूताईला गोड पापा. तुझा लोभ मला पुरतो, तरी वाढवलास तर घेईन.

तुझा,
दादा


दि. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवायला बसले आणि तळव्यांपाशी कागद पुढे सरकवला. पुढचं खारूताईने वाचलं. आई उठून गेली आणि तिने स्वयंपाकघरातला ओटा दोनदा पुसला. मग बाहेर येऊन म्हणाली, चपला घाल, फरशी शोधायला जायचंय.

दादा, काय सांगू! आम्ही दोघी या वयात पुन्हा तोच खेळ खेळतोय! दुपारी दुकान बंद करायचं आणि निघायचं. वाचनालयात आई कपाटाखाली वाकली ती तिथेच अडकली, दोन विद्यार्थ्यांनी ओढून काढलं. बँकेत मी गुडघ्यांवर रांगत होते तेव्हा रखवालदार आला. कानातलं पडलं असं मी सांगितलं, तर तोही रांगायला लागला, आणि त्याला खरंच कोणाचं तरी कानातलं सापडलं. ते मला घ्यावं लागलं, नंतर चोरून काउंटरवर ठेवून आले. पण बाबांच्या फरश्या सापडत होत्या. जुन्या दवाखान्यात जिन्याखाली, न्यायालयात चक्क साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी. प्रत्येक ठिकाणी मी ओरडायचे आणि आई म्हणायची, लबाड, आधी मी पाहिली. तळघर मात्र कुठे मिळेना.

आणि मग परवा! एक पोहणाऱ्या बाई ओले केस घेऊन माझ्या खुर्चीत येऊन बसल्या. मी सवयीने विचारलं की तुमच्याकडे फुलांच्या फरश्या कुठे पाहिल्यात का. त्या म्हणाल्या, आमच्या पोहण्याच्या तलावाखाली आहेत की, मुलं टेबल टेनिस खेळतात तिथे. तलाव, दादा! पहाटे धो धो पाणी कशाचं वाहील? मी कात्री हातात घेऊनच निघाले होते, बाईंनीच ती काढून घेतली.

जिना खाली जातो. खोली मोठी, ओलसर. छतालगत माझ्या मांडीएवढे जाड नळ. करडी आणि विटकरी फुलं. तिथे चार-पाच मुलं चेंडू टोलवत होती, हसत होती, आणि मी दारात उभी राहून हुंदके देत होते. एका मुलीने येऊन विचारलं की काकू, खेळायचंय का.

आणि आता जे सांगायचं ते सांगवत नाही. तिरकी फरशी नाही. मी भिंतीलगत सगळीकडे रांगले. एकूण एक फूल पूर्ण आहे, फक्त एका ठिकाणी कोणी तरी नवशिक्याने करडं ठिगळ लावलंय. एकच कोरी, खडबडीत फरशी, तिच्यावर नक्षीच नाही, आणि पाय पडला की पोकळ वाजते. बाबा असते तर त्याचा कान पिळला असता. तलावाचे व्यवस्थापक भले गृहस्थ आहेत, त्यांनी जुनं दप्तर बघून सांगितलं की त्या वर्षी हिवाळाभर तलाव दुरुस्तीसाठी बंद होता, कोणी आत येण्याचा प्रश्नच नव्हता. वकीलबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, खोली हीच असेल असं त्यांनाही आतून वाटतं, पण अशा फुलांच्या फरश्या अर्ध्या शहरात आहेत. शिवाय तारखेचं काय.

काल रात्रीपासून मी मुकी आहे, यावरून काय ते समज. इतकं जवळ येऊन! पण मी सोडणार नाही. उद्यापासून दुसरं तळघर शोधायचं.

लोभ वाढव म्हणत नाही, धीर वाढव.

तुझी,
टकळी


दि. ४ मार्च

चि. दादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी बहीण पत्र टाकून आली आणि मग मला सविस्तर सांगायला बसली. आधी नुसतंच नाही, नाही म्हणून उशीत तोंड खुपसलं होतं. ठिगळाचं आणि पोकळ आवाजाचं मी काल संध्याकाळी ऐकलं. ऐकलं आणि माझ्या हातातली वाटी पडली.

अरे, तुझ्या बाबांच्या जमिनीत पोकळ फरशी? आपल्या घरात फरशी बसवताना मी ओल्यावर नुसता पाय ठेवला, तर हा माणूस कित्येक दिवस माझ्याशी धड बोलला नव्हता. आणि दुसरा कोणी तिथे कामाला गेलाच नाही. ती दुरुस्ती तुझ्या बाबांनीच केली. मला पक्कं आठवतं, कारण तू गेल्यावर ते कामावर जात नव्हते. दोन शिपाई घरी येऊन त्यांना घेऊन गेले, तलावाची जमीन खराब झालीय म्हणाले. संध्याकाळी आले ते हात धूत राहिले. जेवले नाहीत. टकळीच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत पुन्हा गेले, आणि त्याच दिवशी माझं मेणकापड कापलेलं सापडलं. मी तुझ्या नावाने शंख केला, आणि ते शेजारी बसून ऐकत होते, एक शब्द बोलले नाहीत. बघ आता.

शेवटच्या आजारात त्यांनी एकच धोशा लावला होता की तलावाकडची एक फरशी सुलटी करायची राहिलीय, दादा आला की त्याला सांग. मी तापातलं बोलणं समजून कपाळावर ओली पट्टी ठेवायची. नक्षी नसलेली फरशी नसतेच रे. ती पालथी घातलेली फरशी आहे.

मी आज सकाळी स्वतः वकीलबाईंकडे गेले आणि सांगितलं की उकरा. त्यांनी माझ्यासमोर फोन उचलला आणि त्या खोलीला कुलूप लावायचा हुकूम काढायला सांगितला. फार चटपटीत बाई आहे, पण जेवणाची आबाळ करते असं दिसतं.

तू थंडीत कानाला बांधत जा. तुला उगाच चोर म्हटलं, ते मनावर घेऊ नकोस.

तुझी,
आई


दि. १३ मार्च

ती. मामास,
शि. सा. न.

आई लिहायला बसली आणि पहिल्या ओळीतच कागद भिजवला. आजी म्हणाली तिचा चष्मा धुरकट झालाय. म्हणून हे पत्र माझ्याकडे आलं. अक्षर सांभाळून घे.

मामा, सापडलं!!

आता नीट सांगते. काल सकाळी आयोगाची माणसं तळघरात आली. दोन सदस्य, वकीलबाई, एक फोटोवाला आणि सरकारचा वकील. टेबल टेनिसची टेबलं दुमडून भिंतीला लावली होती. एक गवंडीकाका छिन्नी घेऊन आले होते आणि आजी त्यांच्या डोक्यावर उभी होती. हळू मार, कडेने घे, सांधा आधी मोकळा कर. ते शेवटी म्हणाले की आजी, तुम्हीच घेता का छिन्नी. आजीने घेतलीही असती.

पण छिन्नीचं काम पडलंच नाही. फरशीखाली सिमेंटच नव्हतं, नुसती कोरडी वाळू होती. दोन बोटं घालून ती अलगद उचलली गेली. आणि तिच्या पोटाला गुंडाळलेलं होतं, ओळख काय? पिवळी लिंबं! आजी एवढ्या मोठ्याने ओरडली की वरचे पोहणारे थांबले असतील. माझं मेणकापड, माझं मेणकापड! सदस्यांना वाटलं, तिला भोवळ आली. मी पळत घरी गेले, टेबलावरचं उरलेलं कापड ओढून आणलं आणि खाली जमिनीवर पसरलं. तुकडा कोपऱ्यात असा बसला, मामा, की मध्ये एक लिंबू अर्धं तुटलं होतं ते पूर्ण झालं. फोटोवाला वेड्यासारखे फोटो काढत होता.

मग वकीलबाईंनी फरशी सुलटी केली. करड्या रंगावर विटकरी पाकळी. आणि पाकळीच्या शेजारी ओरखड्यांनी कोरलेलं, दहापैकी दहा. खाली रेघ. रेघेखाली सही. सहीखाली तारीख, १८/११.

आईने बघितलं, सहीची ती शेवटची लांब शेपटी बोटाने हवेत गिरवली आणि मटकन खाली बसली. मग म्हणाली की मास्तर वही तपासली की तारीख घातल्याशिवाय ठेवायचेच नाहीत, घरातल्या किराणाच्या यादीवरसुद्धा घालायचे. सरकारच्या वकिलाने स्वतःची खुर्ची आणून आईला बसवलं. त्यांचेही डोळे भरले होते, ते मी पाहिलं. वकीलबाई म्हणाल्या की पँटच्या हुकाने कोरलं असावं, आणि एवढं खोल जायला बरेच दिवस लागले असतील.

अठरा, मामा! कागद म्हणतो नऊला पळाले. अठराला ते त्या ओल्या खोलीत आजोबांची फरशी तपासत पडले होते. मी लहानपणापासून मनात त्यांच्याशी भांडत आलेय. कुठे गेलात, कोणाबरोबर गेलात, एक पोस्टकार्ड टाकायला काय झालं होतं. काल मी तिथेच उकिडवी बसले आणि सगळं भांडण मिटवून टाकलं. मग खूप रडले, आणि मग मला इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली. आजी म्हणाली, वाटू दे.

आजोबांचंही कळलं आता. जमीन साफ करायला त्यांना नेलं आणि त्यांना जावयाची सही दिसली. दारात झडती असायची, बाहेर नेता येईना. फोडून टाका म्हणाले असतील. त्यांनी ती जिथल्या तिथे पालथी घालून ठेवली, आणि पोकळ वाजेल अशी ठेवली. म्हणजे तू आलास की तुझ्या पायाला कळावं. तुला वाटतं ना, त्यांना काही माहीत नव्हतं? त्यांना सगळं माहीत होतं, मामा. ते रागावलेले नव्हते. वाट बघत होते.

पुढचं आई लिहील. तुझा लोभ माझ्या वाट्याला न बघताच आला, आता बघून यावा.

तुझी,
खारूताई


दि. २९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. तुझी कॅमेऱ्यापुढची साक्ष सगळ्यांनी श्वास रोखून ऐकली. तू दारातून हजर म्हणालास ते सांगितलंस, तेव्हा माझ्या मागच्या बाकावरचा एक अनोळखी माणूस उभा राहून हजर म्हणाला. तोही त्या खोलीतला होता. मग आणखी एक उठला. अध्यक्षांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

फरार शब्द रद्द झाला, दादा! त्या जागी सरकारच्या कोठडीत मृत्यू असं लिहिलं गेलं. किती क्रूर शब्द, आणि मी ते ऐकून टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर मात्र पायरीवरच बसले, कारण बावीस वर्षं मनाचा एक कोपरा दाराकडे कान देऊन होता, त्याला आज गप्प बसवावं लागलं. त्या अधिकाऱ्यांवर खटला चालणार आहे, आणि मास्तरांना शेवटी कुठे नेलं हे त्यांना सांगावं लागेल. सरकार लेखी माफी मागणार आहे. खारूताईच्या दाखल्यावरचा शब्द काल बदलून मिळाला. तिने तो सरळ घडी घालून आणला आणि गल्लीत दिसेल त्याला दाखवला. कुत्र्यालाही.

ती फरशी पुरावा म्हणून आयोगाकडे राहणार. जमिनीत तेवढी चौकोनी जागा उघडी पडलीय. खोली पुन्हा मुलांना द्यायची की नाही असं आम्हाला विचारलं. मी म्हणाले द्या, खेळू देत, भिंतीवर नावं लावा आणि खेळू देत. व्यवस्थापकांनी कोठारातून एक जुनी फरशी शोधून काढली आणि गवंडी बोलावतो म्हणाले. आई म्हणाली, गवंडी नको, माझा मुलगा येतोय.

मी काहीही आग्रह केलेला नाही. हे सगळं तिने केलंय.

लोभ पत्रातून पाठवायचा झाला तेवढा पुरे झाला.

तुझी,
टकळी


दि. ९ एप्रिल

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तिकीट काढलं. येत्या रविवारी संध्याकाळी उतरतो. खारूताईचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर ते फाटलं. बाबा वाट बघत होते, या एका ओळीने मला बावीस वर्षांचा घोर उतरल्यासारखं झालं. मी त्यांना वाचवत होतो आणि ते मला. दोघेही किती मूर्ख, आणि मला त्या म्हाताऱ्याचा किती अभिमान वाटतोय म्हणून सांगू!

तळव्यांचं म्हणशील तर दुखताहेत. दुखू देत. मी बूट जिन्यावरच काढून ठेवणार आहे. त्या जमिनीवर अनवाणी चालायचं ठरवलंय. तू हात धर, आणि कृपा करून त्या वेळी पाच मिनिटं बोलू नकोस. जमल्यास.

आईला सांग की बाबांची थापी पेटीतून काढून ठेव, आणि तिला नवं मेणकापड आणतोय, लिंबांचंच. वाळू चाळून ठेवा. सिमेंट मी कालवीन. लहानपणी बाबा मला कालवू द्यायचे, बसवायला कधी दिलं नाही. आता देतील.

फरशी मी पाव वळवून बसवणार आहे, आणि बसवून झाली की कोणी तरी तपासावी लागेल. मास्तरांचं काम आता त्यांच्या मुलीकडे. खारूताई, तुझ्या बाबांनी मार्क देताना हात आखडला नव्हता, एवढं ध्यानात ठेव. आणि सकाळी आधी हजेरी घे. मी दारातून सांगणार नाही, आत येऊन सांगेन.

लोभ आहे, तो घेऊन येतो.

तुझा,
दादा